बोलीत लिहिलं की लोक हसतात, मग आपल्याकडचं प्रेम लिहायचं कशात?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय. मी परभणी जिल्ह्यातला, पाथरीकडचा, सध्या संभाजीनगरला औरंगपुऱ्याच्या बाजूला रूम करून राहतो, स्पर्धा परीक्षेचं चौथं वर्ष चालू आहे. मी गे आहे. घरी माहीत नाही, रूमवरच्या दोघांपैकी एकाला माहीत आहे. प्रश्न पुस्तकांचा आहे पण तो इथूनच निघतो म्हणून हे आधी सांगितलं.

माझ्यासारख्या माणसाबद्दल मराठीत आदरानं लिहिलेलं पहिलं वाक्य मी वाचलं ते राज्यघटनेच्या गाईडमध्ये. नवतेज सिंग जोहर खटला, ६ सप्टेंबर २०१८, कलम ३७७, समलिंगी संबंध गुन्हा नाही, पाच न्यायाधीश, एकमताने. परीक्षेला येतं म्हणून पाठ करत होतो आणि पाठ करता करता ध्यानात आलं की हे तर माझ्याबद्दल आहे. त्याच्याआधी शाळेत, गावात, पिच्चरमध्ये जे काही ऐकलं ते एकतर हसण्यावारी नाहीतर शिवी. २०२२ ला उदगीरला ९५ वं साहित्य संमेलन झालं, एप्रिलचं ऊन, मी मुद्दाम गेल्तो, दोन दिवस पुस्तकांच्या स्टॉलवर फिरलो पण समलिंगी माणसांवरचं काही आहे का हे विचारायला जीभच उचलेना, शेवटी ठिबक सिंचनाचं एक पुस्तक घेऊन परत आलो.

नंतर मोबाईलवर शोधून शोधून मिळेल ते वाचलं. चांगलं आहे, काही ठिकाणी रडलो बी. पण सगळं पुण्यामुंबईचं. त्यातल्या पोराला स्वतःची खोली असती, गच्ची असती, दार आतून लावलं तर कोणी काही म्हणत नाही. आमच्याकडं एका खोलीत सहा जण झोपतात आणि एकटं राहायचं ठिकाण म्हणजे शेतातला आखाडा, रानातलं खोपट, ते बी रात्रीची लाईट असली तर.

म्हणून मीच एक गोष्ट लिहिली. दोन पोरं आहेत, रात्रीच्या लाईटला गव्हाला दारं धरायला जातात, एक बॅटरी धरतो, एक फावडं, आणि त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं आहे. बस एवढंच. संवाद आपल्या बोलीत, कारण ती पोरं दुसरं बोलणार तरी काय. एका दिवाळी अंकाला पाठवली. फोन आला, माणूस नीट बोलला, विषय धाडसी आहे म्हणला, पण बोलीमुळं गांभीर्य राहत नाही, प्रमाण भाषेत करा, आणि खेड्यात असलं पटत नाही तर एकाला शहरात शिकायला पाठवा. रूमवर मित्राला वाचून दाखवली तर पहिल्याच संवादाला तो हसला. वाईट हेतूनं नाही, हसू आलं त्याला. टीव्हीवर आपली बोली आली की समजायचं आता विनोद येणार, आणि बायकी चालीचा पुरुष आला तरी तेच. माझ्या गोष्टीत तर दोन्ही एकदम आलेत. तेव्हापासून वही उघडली नाही.

तर विचारायचं असं की, एक, पुण्यामुंबईच्या बाहेरचं असं काही मराठीत आहे का, आणि नसलं तरी आहे त्यातलं काय वाचावं. दोन, आपल्या बोलीत हे प्रेम लिहायचं कसं की वाचणारा हसणार नाही. आणि तिसरं, इथं आसपास कोणी एकत्र बसून वाचणारे आहेत का. एकट्यानं वाचून वाचून आता कंटाळा आलाय.


मुकुंदराजाच्या_गावचा

लेकरा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी आंबाजोगाईचा, एकतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालो आणि एवढ्या वर्षांत वर्गात हा विषय मी एकदाच काढला याची मला खंत आहे. तो निघाला तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मुळं. १९८१ चं नाटक. मित्रा नावाची कॉलेजातली मुलगी, तिचं दुसऱ्या एका मुलीवर प्रेम, आणि हे आपल्याला सांगतो कोण तर बापू, तिचा मित्र. त्या काळी मराठी रंगभूमीवर हे आणायला छाती लागली असेल, ती तेंडुलकरांकडं होती. पण मित्रा शेवटी जीव देते. वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, सर, ती जगली असती तर नाटक वाईट झालं असतं का? मी काहीतरी शोकांतिकेची व्याख्या सांगून वेळ मारून नेली. ती मुलगी आता कुठं आहे माहीत नाही, पण तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं. आपल्याकडं अशा पात्राला लेखक करुणेनं जवळ घेतो आणि मग मारून टाकतो.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' तू वाचलीच असशील, मौजेची, २००६. बहीण आणि भाऊ एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, अर्धी गोष्ट तनय सांगतो, अर्धी अनुजा, आणि तो भाडेकरू दोघांनाही सोडून निघून जातो. त्याला पूर्ण पुस्तकात नाव नाही हे मला लई आवडलं, कारण सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेणं किती अवघड असतं हे त्यात न सांगता आलंय. पुण्यातलं मध्यमवर्गी घर आहे हे खरं, पण घरातल्यांची नजर कशी चुकवायची हे सगळीकडं सारखंच, ते वाचताना तुझी सहा जणांची खोलीसुद्धा आठवेल. २०२२ ला त्याचा पिच्चर आला त्यात सगळं कोचीला नेलंय, दिसायला देखणा आहे पण तू पुस्तकच वाच.

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' वेगळी. त्यांनी २००२ ला पुण्यात समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि ही कादंबरी डायरीसारखी आहे, भाषा साधी, कुठं नटवलेली नाही. साहित्यिक लोक तिला नाकं मुरडतात, पण माझ्या मते ज्याला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही त्या पोराच्या हातात पहिलं पुस्तक हेच पडावं. आणि आईचं मन समजून घ्यायचं असेल तर चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' बघ, एकटी आई रंगमंचावर बोलत राहते, मुलाचं कळल्यावर तिचं काय होतं ते. हे मी माझ्या बहिणीला दाखवायला नेलं होतं. का नेलं ते इथं सांगत नाही, पण बरं झालं नेलं.

आता बोलीचं. कोणी सांगितलं तुला की बोलीत गांभीर्य राहत नाही? रा. रं. बोराडे आपल्या लातूरकडचे, त्यांची 'पाचोळा' १९७१ ची. गावातल्या शिंप्याची बायको स्वतः बोलते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्याच बोलीत, आणि वाचताना घसा दाटून येतो. पन्नास वर्षं होऊन गेली, कोणी हसलं नाही. फरक एवढाच की बोराड्यांनी बोली पात्राच्या तोंडात चिकटवली नाही, ती बाई विचारच त्या भाषेत करते. तुझ्या गोष्टीत निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद तेवढे बोलीत असं आहे का? असेल तर हसू तिथून येतंय. सांगणारा वरून, खुर्चीत बसून बोलतो आणि पोरं खाली चिखलात. सगळीच गोष्ट चिखलात उतरव.

अजून एक सांगतो, मग थांबतो. हा विषय परवा परवा बाहेरून आला असं कोणी म्हणलं तर त्याला र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' दाखव. १९२७ ते १९५३, सव्वीस वर्षं ते मासिक चाललं. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, त्यात समलिंगी संबंधांचेही असायचे, आणि कर्वे न लाजता न घाबरता उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं तर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, पण लैंगिक विषयावरचं लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही हे त्यांनी तिथं मांडलं. तुझ्या शहरातल्या विद्यापीठाला कोणाचं नाव आहे ते तुला मी सांगायला नको.


काळी_माती

सरांचा मान राखून थोडं वेगळं म्हणतो. पूर्ण बोलीत लिहिलं तर कोकणातला नाहीतर विदर्भातला वाचणारा अडतो, तो दोन पानं वाचून सोडून देतो. या विषयाला आधीच वाचक कमी, त्यात भाषेची अडचण कशाला. मी पण याच समाजातला आहे, जालन्याचा, नोकरीला पुण्यात. मला स्वतःला प्रमाण भाषेत "माझं त्याच्यावर प्रेम आहे" म्हणताना जेवढं मोकळं वाटतं तेवढं गावच्या भाषेत वाटत नाही, कारण गावच्या भाषेत मला आजपर्यंत फक्त शिव्याच मिळाल्यात. हे बी ध्यानात घ्या. ज्याला त्याला आपली बोली आईसारखी वाटती असं नसतं.


रानजाई

काळी माती दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला थोडा वेळ. खरं आहे तुमचं, त्यावर वाद घालत नाही.

पण सर आणि गोदाकाठ भाऊ, तुमच्या दोघांच्या यादीत बायका कुठं आहेत? एक मित्रा, ती बी पुरुषानं लिहिलेली आणि मेलेली. मी बीड जिल्ह्यातली, लातूरला नर्स आहे, माझी जोडीदार बी नर्सच. सात वर्षं एका खोलीत राहतोय, दोघी मिळून भाडं भरतो, घरमालकीण म्हणती लई गुणाच्या पोरी, कधी कोणी पोरगं खोलीवर येत नाही. आम्हाला कोणी त्रास देत नाही कारण आमच्याबद्दल असा विचार कोणाच्या मनातच येत नाही. हे बरं का वाईट ते मला सात वर्षांत ठरवता आलं नाही. पुरुषांना निदान शिवी तरी आहे, आम्हाला तर शब्दच नाही. उर्दूत इस्मत चुगताईंनी 'लिहाफ' १९४२ ला लिहिली, त्यांना लाहोरच्या कोर्टात ओढलं, तरी कथा राहिली. मराठी बाईनं बाईवरचं प्रेम स्वतः मराठीत लिहिलेलं मी अजून शोधायलेय.

मग मी काय वाचते? ओव्या. हसू नका. हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर आहेत, आता 'पारी' म्हणून खेड्यापाड्यातल्या लोकांवरची साईट आहे, तिच्यावर ऐकायला मिळतात, आमच्या माजलगावच्या भीमनगरच्या बायांच्या बी आहेत. त्यात गडणी येती. गडणी म्हणजे मैत्रीण, पण नुसती मैत्रीण नाही, जिच्यापाशी सासरचं सगळं सांगता येतं, जी भेटली नाही तर जीव लागत नाही अशी. मी असं म्हणत नाही की त्या बाया माझ्यासारख्या होत्या, ते मला काय माहीत, आणि त्यांच्या तोंडात माझे शब्द मी कशाला घालू. पण बाईनं बाईशी मायेनं बोलायची भाषा आपल्याकडं केवढी तयार पडलीय हे त्यात कळतं. माझी आजी एका बाईबद्दल बोलायची, तिच्यासोबत ती चाळीस वर्षं निंदायला जायची. ती बाई वारली तेव्हा आजी तीन दिवस जेवली नाही. घरात कोणी विचारलं नाही की असं का. मी बी नाही विचारलं.

आता गोदाकाठ भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापाशी एक उत्तर आहे. मराठीत लपवायला जागा नाही, तो आला म्हणलं की तो, ती आली म्हणलं की ती, फोनवर बोलताना क्रियापदच चुगली करतं. पण आमच्याकडं "माझं माणूस" म्हणतात ना? माझं माणूस आलं, जेवलं, झोपलं. सगळं नपुंसकलिंगी आणि किती मायेचं. मी ड्यूटीवर सगळ्यांसमोर फोनवर असंच बोलते, माझं माणूस जेवलं का, आणि सगळ्यांना वाटतं गावाकडं कोणीतरी नवरामुलगा ठरलेला आहे. सुरुवातीला मी हे लपवायला वापरलं, आता आवडतं म्हणून वापरते. हे फक्त बोलीतच होतं. प्रमाण भाषेत "माझा जोडीदार" किंवा "माझी जोडीदार" करावंच लागतं.


तुळजाईची

रानजाई ताईचं क्रियापदाचं वाचलं आणि लिहायला बसले. मी धाराशिव जिल्ह्यातली, पारलिंगी बाई आहे, तृतीयपंथी म्हणा, मला दोन्ही चालतं, दुसरे शब्द चालत नाहीत.

माझं तर सगळं बालपण क्रियापदात अडकलेलं. मी गेलो म्हणलं की आत टोचायचं, मी गेले म्हणलं की बापाचा मार. मग मी काय केलं, सगळं "आम्ही"त बोलायला लागले. आम्ही गेल्तो, आम्ही खाल्लं, आम्ही नाही येणार. आम्हीला बाई नाही पुरुष नाही. लोकांना वाटायचं लेकरू ऐट करायलंय. नववीपर्यंत मी अशी "आम्ही"त राहिले, दहावीला मराठीच्या पेपरात माझा आवडता छंद असा निबंध आला आणि त्यात पहिल्यांदा लिहिलं, मी नाचते. एक वेलांटीचा नाहीतर मात्रेचा फरक असतो, पण तो पेपर देऊन बाहेर आले तेव्हा पाय थरथरत होते. तपासणाऱ्यानं चूक म्हणून मार्क कापले असतील तर कापले असतील.

आता पुस्तकांचं. लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' २०१२ ला आलं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलं, ते वाचा. 'जोगवा' पिच्चर २००९ चा सगळ्यांनी बघितलाय, त्याच्या मुळाशी राजन गवस यांची 'चौंडकं' आहे, आणि जोगत्यांवर त्यांची 'भंडारभोग' बी आहे. ते कोल्हापूर बेळगावकडचं, यल्लम्माचं, आणि मनापासून लिहिलेलं आहे. पण ते आमच्याकडं बघून लिहिलेलं आहे. आमचं आम्ही लिहिलेलं बघायचं तर दिशा पिंकी शेख यांच्या कविता वाचा, 'कुरूप' नावाचा संग्रह आहे. त्यांच्या कवितेत जात आणि लिंग दोन वेगळ्या कप्प्यात नाहीत, कारण मार खाताना कोणी विचारत नाही की कोणत्या कारणानं मारू. मी त्यांची एक कविता पहिल्यांदा फेसबुकवर वाचली आणि ती कोणीतरी माझ्या वतीनं बोललंय असं वाटून चार जणींना मोठ्यानं वाचून दाखवली. दोघींना वाचता येत नाही, त्यांनी परत परत ऐकली. २०१८ च्या जुलैत साहित्य अकादमीनं कलकत्त्याला तृतीयपंथी कवींचं कविसंमेलन भरवलं होतं, म्हणजे ३७७ चा निकाल लागायच्या बी आधी. मराठवाड्यात असं काही व्हावं, तुळजापुरात व्हावं, हे माझ्या मनात आहे.

दोन गोष्टी मात्र जो लिहील त्याला सांगते. येरमाळ्याला येडाईच्या चैत्रातल्या यात्रेला गेलात तर साडी नेसलेले, कवड्यांची माळ घातलेले आराधी दिसतील. ते बघून लगेच लिहू नका की बघा आपल्याकडं हे सगळं आधीपासून होतंच. त्यातले काही माझ्यासारखे असतात, काही नसतात, काहींचं ते देवीचं आणि नवसाचं असतं, यात्रेहून घरी गेले की ते बाप असतात, आजोबा असतात. त्यांना विचारल्याशिवाय आपल्या यादीत घेऊ नका. आणि दुसरं, आमची आपसातली एक बोली आहे, फारसी म्हणतात तिला, इराणची नाही, आमची. ती संकटात एकमेकींना सावध करायला आहे. शहरातून लोक येतात, दोन शब्द ऐकतात आणि कथेत टाकतात, कथेला वजन येतं म्हणून. २०१४ च्या १५ एप्रिलला सुप्रीम कोर्टात नालसाचा निकाल लागला, तृतीयपंथी ही ओळख मानली, आम्हाला कागदावर माणूस केलं, पण पोलीस चौकीत अजून ती बोलीच कामाला येती. ती छापू नका. बाकी माझ्या आयुष्याचं जे विचारायचं ते विचारा, मी सांगेन.

गोदाकाठ दादा, तुमची गोष्ट खेड्यात पटत नाही म्हणणाऱ्याला माझ्याकडं पाठवा.


दख्खनी

गोदाकाठ भाई, तुम्ही औरंगपुऱ्यात राहता, म्हणजे सिराज औरंगाबादींच्या शहरात राहता. अठराव्या शतकातले शायर, वलींच्या नंतरचं दख्खनचं सगळ्यात मोठं नाव, मजार पण इथंच शहरात आहे. त्यांची 'बोस्ताने-खयाल' नावाची मसनवी, म्हणजे लांब कथाकाव्य, आहे, त्यात त्यांनी एका तरुणावरचं स्वतःचं प्रेम आणि विरह सांगितलाय. स्कॉट कूगल म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी २०१६ मध्ये सिराज आणि हैदराबादच्या माहलका बाई चंदा या दोघांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलंय. माझे अब्बा सिराजच्या गझला गुणगुणायचे, पण या मसनवीबद्दल कधी बोलले नाहीत, मला ती एम.ए. ला असताना स्वतः शोधावी लागली. आजचा गे शब्द त्यांना लावू नका, त्यांच्या वेळी तो हिशोबच वेगळा होता, सूफी लोक म्हणतील माशूक म्हणजे खुदा आणि तेही खोटं नाही. पण पुण्यामुंबईच्या बाहेरचं काही आहे का असं तुम्ही विचारलं, तर तुमच्या रूमपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे.

रानजाई ताईंच्या "माझं माणूस"वरून आठवलं, उर्दू गझलेत माशूक बहुतेक वेळा पुल्लिंगीच असतो, वो आता है, मग तो बाई असो, पुरुष असो नाहीतर अल्ला. त्यामुळं तिथं पण कोणाचं नाव न घेता सगळं बोलता येतं. म्हणजे लिहिणाऱ्यांनी ज्या त्या भाषेत अशी एक फट शोधून ठेवलीय.

बसून वाचायचं म्हणाल तर आम्ही चौघं दर दुसऱ्या रविवारी बसतो. दोन उर्दूवाले, एक मराठीवाला, एक मुलगी इंजिनिअरिंगची. कोणी उर्दू वाचतं तर दुसरा मराठीत सांगतो. नाव वगैरे काही ठेवलेलं नाही. ठिकाण इथं टाकत नाही, तुम्ही मेसेज करा, आधी एकदा सिद्धार्थ गार्डनला चहावर भेटू, मग. तुळजाईची ताई, तुम्ही या कधी, तुमच्याकडून ती कविता ऐकायचीय.


तुळजाईची

येते. पण एस.टी. नं रात्री परतायला गाडी नसती, आणि लॉजवाले मला खोली देत नाहीत. मुक्कामाची सोय बघा.


दख्खनी

माझ्या आपाच्या घरी. तिला विचारलं आत्ताच, हो म्हणाली.


गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री दोनपर्यंत जागा होतो. दख्खनी भाई मेसेज केलाय. आज संध्याकाळी मजारीवर जाऊन आलो, रूमवरचा मित्र बी सोबत आला, तोच, जो हसला होता.

काळी माती भाऊ, तुमचं मला पटलं आणि नाही बी पटलं. मला बी त्या भाषेत शिव्या मिळाल्यात. पण मला पहिल्यांदा कोणी जवळ घेतलं ते बी त्याच भाषेत, आणि ते जे काय बोललं होतं ते प्रमाण भाषेत केलं की तो तोच राहत नाही, दुसराच कोणीतरी होतो. तुम्ही तुमचं प्रमाण भाषेत लिहा ना, मी वाचीन. खरंच लिहा.

सर, तुमचं बरोबर निघालं. वही काढून बघितली तर निवेदन सगळं "तो म्हणाला, ती रात्र शांत होती" असलं होतं. ते मी शाळेत निबंध लिहितात तसं लिहिलं होतं. आता सुरुवात पूर्ण बदलली, पोरगाच सांगतो. रानजाई ताईचं "माझं माणूस" घेतलंय, न विचारता घेतलं त्याबद्दल माफी, नको म्हणाल तर काढतो. थोडंसं टाकतो इथं, हसू आलं तर कुठं आलं ते सांगा:

"लाईट बाराला आली. म्हाद्या बॅटरी घिऊन म्होरं, मी फावडं घिऊन मागं. थंडी अशी की पाण्यात पाय घातला की घोट्यावरून करवत फिरावी. पाणी सरीच्या शेवटाला भिडलं तवा म्हाद्या म्हणला, बस की जरा, पळून जातंय का काय पाणी. मी बांधावर बसलो. त्येनं बॅटरी इझवली. अंधार पडल्यावर त्यो कुठं बसला ते दिसना, नुसता ईडीचा वास. लगीन कधीचं धरलंय, मी इच्यारलं. त्यो बोललाच नाही. लई येळानं हात लागला तर बरफावानी. माझं माणूस गार पडलं व्हतं. मी घोंगडं दोघांवरून घेतलं."


मुकुंदराजाच्या_गावचा

मला कुठंच हसू आलं नाही. करवतीचं वाक्य तुझं स्वतःचं आहे, ते कोणाच्या सांगण्यावरून काढू नकोस. "ती रात्र शांत होती" गेलं हे चांगलं झालं.


रानजाई

भाऊ, माफी कशाची, शब्द काय माझ्या नावावर आहे का. घ्या. माझ्या माणसाला बी वाचून दाखवलं, ती म्हणली म्हाद्याचं लग्न मोडा. ते तुमचं तुम्ही बघा.

फक्त एक बदला. "गार पडलं" नका लिहू. आमच्या वॉर्डात आम्ही ते कधी म्हणतो तुम्हाला माहीत आहे, आणि गावात बी तसंच म्हणतात, वाचणाऱ्याला वाटंल म्हाद्या गेला. "गारठलं" करा. सरांच्या त्या विद्यार्थिनीला तरी एक जिवंत सापडू द्या.


गोदाकाठ

केलं. गारठलं व्हतं. आता पुढचं लिहायलोय, लाईट जायला अजून चार तास आहेत त्या दोघांना.